अंधारखोलीतला फोन

...आणि वर मुलगा मलाच विचारतो, "बाबा, अंधारखोलीत मोबाईल नेलातच कशाला?" कशाला म्हणजे? तूच खिशात कोंबलास ना रे, "आईला काही झालं तर?" म्हणून! उजेड लागला की रोल जातो, म्हणून उभ्या आयुष्यात त्या खोलीत मी काडेपेटी नेली नाही, तुम्हाला सांगतो, आणि परवा मोबाईल नेला. पण घाबरलो नव्हतो मी. सांगून ठेवतो.

झालं काय, हिचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. तर ही म्हणते, "अहो, अख्ख्या गावाचे फोटो काढलेत, माझा धड एक नाही. उद्या भिंतीवर लावायला तरी हवा ना?" असं बोलतात का माणसं? तेही चहा ओतता ओतता? मुलगा म्हणाला, "मोबाईलवर काढतो." म्हटलं, खबरदार! माझी बायको आहे, रोलवरच येणार! गेलो दुकानात. दुकानदारानं फडताळातून रोल काढला, धूळ फुंकली, म्हणाला, "काका, हा शेवटचा. आता माल येणार नाही." शेवटचा... जरा हळू बोलावं माणसानं! घाबरलो नव्हतो मी, पण तरी!

बसवलं हिला खिडकीपाशी. "मान वर. हलू नकोस. श्वास रोख."

"तो हल्ली आपोआपच अडकतो हो."

मी कॅमेऱ्याआड डोकं घातलं आणि अख्खा रोल संपवला.

मग अंधारखोली. दार बंद, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख, मी रोल उघडून नुसत्या बोटांनी धुवायच्या चकरीवर चढवतोय, आणि खिशात एकदम सूर्य उगवला! वर घणघणाट! रोल पोटाशी धरून मी जमिनीवर पालथा! हिला काही झालं असेल तर? रोल सांभाळू की फोन घेऊ? ...घेतला फोन. "काय झालं रे तिला?"

"काही नाही बाबा. आत रेंज येते का बघितलं."

रेंज!

रोल धुतला तर सगळा काळाठिक्कर. आतल्या वेटोळ्यातला एकच फोटो वाचला. छापला, ओलाच हिच्यापुढे नेला. हिनं चष्मा लावला. "अहो, डोळे मिटलेत माझे."

वाचून वाचून तोच वाचावा?

"हा नाही लावायचा भिंतीवर," ही म्हणाली. "घरी आले की दुसरा काढा."

"रोल कुठाय आता?"

"मोबाईल आहे की!"

सकाळीच आत ऑपरेशनला नेलंय तिला. दारावरचा तो लाल दिवा अजून विझत नाही. घाबरलेलो नाही मी, सांगून ठेवतो... फक्त तुमच्यापैकी कुणीतरी, या मोबाईलात फोटो काढायचं बटण कुठलं, तेवढं दाखवा.