कंसमामांची सोपी भाषा

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले अधीक्षक डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आमच्या इस्पितळाचे संगणकवाले मामा, त्यांना निदान आज तरी वेळेवर घरी न्यायला आलेल्या मामी, आणि समोर बसलेल्या माझ्या सिस्टर्स,

मेट्रनने राउंड घ्यावा, भाषण करू नये, असं माझं मत आहे. पण मामांचा निरोप, गप्प कशी बसू?

आपल्या ड्युट्या लावणारा प्रोग्रॅम मामांनी बनवला. प्रत्येक वॉर्डाला त्यात आपापले नियम लिहून घालता यावेत, अशी सोयही ठेवली. पण लिहायचे संगणकाच्या कोणत्या भाषेत? मामांच्या लाडक्या! कंसात कंस, त्यात आणखी कंस. म्हणून तर ते कंसमामा झाले. मामी, हसताय काय, तुम्हालाही ठाऊक आहे! एकदा एक कंस मिटवायचा राहिला आणि बाळंतिणींच्या वॉर्डात रात्रपाळीला कुणीच नाही. मग सगळ्याजणी मामांच्या दारात. मामा खूश, आम्ही रडकुंडीला.

शेवटी मी विचारलं, "मामा, ही भाषा आमच्यासाठी निवडलीत की स्वतःसाठी?" मामा हिरमुसले. पण जीव लावून केलेलं ते काम मोडून त्यांनी साधी भाषा बसवली, आमच्या पोरी कॉलेजात शिकतात ती. अडलं की घरीच विचारता येऊ लागलं.

आणि मग काय विचारता! प्रत्येकीने गुपचूप नियम लिहिला, मला रविवारी सुट्टी. प्रोग्रॅम बिचारा, त्याने सगळ्यांचं ऐकलं. त्या रविवारी पुरुषांच्या वॉर्डात मी आणि मामा! मी इंजेक्शनं देतेय, मामा बेल वाजली की धावताहेत. एका आजोबांनी तर मामांना विचारलं, "डॉक्टर, तुम्ही नवीन का?"

मी म्हटलं, "मामा, आणा ते कंस परत." तर म्हणाले, "मेट्रनबाई, दार अरुंद केल्याने माणसं शहाणी होत नाहीत. एकीचा नियम दुसरीने वाचल्याशिवाय चालू करू नका, झालं." तेव्हापासून आमच्यात भांडणं होतात, पण वॉर्डात माणूस असतं.

अध्यक्षमहाराज, मघाशी आपण म्हणालात, मामांनंतर बाहेरचा तयार प्रोग्रॅम आणू, ज्यात कुणाला हात घालता येणार नाही. लहान तोंडी मोठा घास घेते, साहेब, पण तसं करू नका. सिस्टरचं मूल तापलं तर ड्युटी बदलायला आम्ही कुठल्या परक्या कंपनीच्या पाया पडायचं? बघा, साहेबांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, मी हो धरते. सगळ्यांनी पाहिलंय.

मामा, भाषा सोपी झाली आणि आमचं तुमच्या दारात येणं कमी झालं. तुम्हाला ते लागलं असणार, तरी तुम्ही कधी बोलला नाहीत. आम्हालाही लागलं.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि मामा, उद्यापासून ड्युट्यांत काही चुकलं तर आमचं आम्ही निस्तरू. तुम्हाला फोन आलाच, तर तो चहाला बोलावण्याचा असेल.