रिकामी गव्हाण

ब्रिजित : मी साधी गोष्ट विचारतेय, जागृती. बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत कोणी ठेवली?

जागृती : मम्मी, आत्ता चर्चमधून आलात. बसा ना आधी. पाणी देते.

ब्रिजित : पाणी नंतर. सकाळी मिस्साला निघाले तेव्हा टेबलावरच्या देखाव्यातल्या गव्हाणीत नुसता पेंढा होता. बाळ माझ्या कपाटात, माझ्या आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. आज कुठे आगमनकाळाचा तिसरा रविवार, नाताळ अजून लांब आहे. आणि हा इथे उघडा पडलाय मरियेच्या पुढ्यात.

गोजरा : देवाला कपाटात कोंडून ठेवायचा, ही कुटची रीत?

ब्रिजित : विहीणबाई, तुम्हाला चहा दिला का लेकीने?

गोजरा : चाय झाली. बोंबील आनलेत, ते फ्रीजरमदी हाईत. मना टालू नका. मीनी ठेवला त्याला.

जागृती : आये.

गोजरा : काय आये? चोरी केली का मी?

जागृती : कपाट मी उघडलं, मम्मी. चावी कुठे असते मला माहितेय. आये एकटी नाय.

ब्रिजित : दोघी मिळून. बरं झालं सांगितलंस.

गोजरा : पोटुशी बाईच्या डोल्यासमोर रिकामा पालना कोन मांडून ठेवतं, इहीनबाय? आमच्यात रिकाम्या पालन्याला हातबी लावत नाय. हलवला तं बालाला वाईट.

ब्रिजित : तो पाळणा नाही. गुरांची गव्हाण आहे. आणि कोणी हलवत नाही तिला.

गोजरा : बाल झोपतंय ना त्याच्यात? मंग पालनाच.

ब्रिजित : नाताळच्या रात्री झोपतं. त्याआधी आम्ही वाट बघतो. वाट बघायची म्हणजे जागा मोकळी ठेवायची. या दिवसांत घरात गोडधोड नाही, लग्नकार्य नाही. काहीतरी सोडायचं आणि त्याची म्हणून पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकायची, म्हणजे बाळ येईल तेव्हा त्याला टोचणार नाही. खाली सोसायटीवाल्यांनी डिसेंबर लागायच्या आधीच झाड उभं केलं. लाल टोप्या घातल्या, केक कापला, गाणी लावली. मला बोलवायला वर आले, मी नाही गेले. या अख्ख्या बिल्डिंगमध्ये हे एकच टेबल आहे, जिथे नाताळ अजून आलेला नाही. तेवढंही ठेवू नये का मी?

गोजरा : ठेवा. तुमच्या या टेबलापायी गेल्या साली...

जागृती : आये, गप.

ब्रिजित : तिला बोलू दे. बोला गोजराबाई, अर्धं ठेवू नका.

गोजरा : गेल्या साली याच दिवसांत माझ्या पोरीचा पाचवा महिना व्हता. गेला तो. तवाबी हे असंच मांडलेला व्हता. रिकामा.

ब्रिजित : डॉक्टरने कारण सांगितलं होतं.

गोजरा : डॉक्टर सांगनारच. त्याचं पोर नाय गेला.

ब्रिजित : आणि माझं गेलं नाही? तुम्ही घणसोली गावातून रिक्षा मिळेना म्हणून चालत आलात त्या दिवशी. तोवर हिच्या उशाशी कोण होतं? नाताळच्या रात्री हा बाळ हातात घेऊन मी याच टेबलापाशी उभी होते. इनास म्हणाला, आई, या वर्षी राहू दे. मी ठेवला. कसा ठेवला ते माझं मला माहीत.

गोजरा : मना ते कोनी सांगितला नाय.

ब्रिजित : सांगायची गोष्ट नव्हती ती.

गोजरा : तरीबी मी ऐकनार नाय. यो हितंच ऱ्हाईल, नायतर पोर आजच माझ्यासंगं येल. सातवा लागलाय. बॅग भरलीय.

ब्रिजित : बॅग? जागृती, बॅग भरलीस तू?

जागृती : ...भरली.

ब्रिजित : इनासला माहितेय?

जागृती : तो कामावर, द्रोणागिरीच्या गोदामात. आज त्याला सुट्टी नाय मिळाली. फोन करणार होते, पण केला नाय.

ब्रिजित : आमच्या वसईच्या घरात हा बाळ कधी वेळेआधी बाहेर आला नाही. आजीच्या वेळी नाही, आईच्या वेळी नाही. माझे वडील याच दिवसांत गेले. घर माणसांनी भरलेलं. तेव्हा कोणी म्हणालं, देव तरी समोर असू द्या. आई म्हणाली, तो येईल तेव्हा येईल. आणि आज इथे बॅग भरून मला सांगताय, याला ठेवा नाहीतर ही जाते.

जागृती : मम्मी, मी बोलू?

ब्रिजित : बोल ना. तुझंच घर आहे.

जागृती : तुमचं हे सगळं मला आवडतं. खरंच. मी पण रोज काडी टाकते ना? चहातली साखर सोडली, रात्रीचा मोबाईल सोडला. कोणी सांगितलं नव्हतं. पण रात्री पाणी प्यायला उठते आणि हॉलमध्ये ती गव्हाण दिसते. मधे खड्डा, बाजूला सगळे बघत बसलेले. मेंढ्यापण. मला वाटतं, सगळे माझ्याकडेच बघतायत. डोकं सांगतं, काय नाय होत. पोट ऐकत नाय.

ब्रिजित : मला का नाही सांगितलंस?

जागृती : काय बोलला असता तुम्ही?

ब्रिजित : अंधश्रद्धा म्हणाले असते.

जागृती : म्हणून नाय सांगितलं.

ब्रिजित : हं. सरक जरा, मला टेबलापर्यंत येऊ दे.

गोजरा : बघ, उचलला. मी बोललेली. चल पोरी, चपला घाल.

ब्रिजित : थांबा गोजराबाई. चपला कुठे पळून जात नाहीत. जागृती, तू इतक्या वेळा माझ्याबरोबर मिस्साला बसलीस. मला सांग, जन्माच्या आधी, या दिवसांत, हा कुठे होता?

जागृती : कुठे म्हणजे?

ब्रिजित : कपाटात होता?

जागृती : नाय. तिच्या पोटात. मरियेच्या.

ब्रिजित : पोटात. गव्हाण रिकामी होती, पण आई रिकामी नव्हती. भरल्या पोटाने रस्ता तुडवत होती बिचारी. मी इतकी वर्षं याला नॅप्थलीनच्या गोळ्यांत ठेवला. आईने ठेवला, म्हणून मी. हात पुढे कर.

जागृती : मम्मी, मला नको. माझ्या हातून पडला तर?

ब्रिजित : माझ्या हातून दोनदा पडलाय. त्याचं हे बोट बघ, तुटलंय ते. धर. आणि हा लुगड्याचा तुकडा. नाताळच्या रात्रीपर्यंत तो तुझ्याकडे. उशाशी ठेव, पोटाशी घे, तुझं तू बघ. त्या रात्री तुझ्या हाताने आणून ठेवायचास. पण तोवर गव्हाण अशीच राहील. ते मी बदलणार नाही.

गोजरा : आनि रातीची ही पानी प्यायाला उठली मंग?

जागृती : मग हा माझ्याजवळ असेल ना, आये.

गोजरा : ...मातीचा हाय का यो? गार किती लागतो. पोटाशी असाच नको घेऊ, वर जाड फडका गुंडाल.

ब्रिजित : आणि बॅगेचं तुम्ही मायलेकी ठरवा. सातव्यात माहेरी जातात, मी आड येणार नाही. ती गेली तर हा पण तिच्याबरोबर जाईल.

गोजरा : माझ्या घरी? तुमचा देव?

ब्रिजित : तुमच्या देव्हाऱ्यात नका मांडू म्हणजे झालं. अजून यायचाय तो.

जागृती : आये, बॅग राहू दे. नाताळ झाल्यावर येते.

गोजरा : आनि डोहालजेवन? मी बायकांना आवतान दिलाय पुढच्या आयतवारचा.

ब्रिजित : पुढच्या रविवारी नाही. नाताळनंतर करा. मी पुरणपोळ्या लाटायला येते.

गोजरा : बघ, आली परत हिची रीत. तुमाला जमतात का पुरनपोल्या?

ब्रिजित : फाटतात. तुम्ही शिकवा.

जागृती : मम्मी, आजची काडी राहिली. पेंढा इथेच आहे. टाका ना तुम्ही.

ब्रिजित : तू टाक. मी आज काही सोडलं नाही, फार बोलले.