अमावास्या सुटेपर्यंत

"हॅलो?… कोण?… मनाली? कशावरून?"

कमळाबाईंना मनाली नावाची एकच मुलगी होती आणि ती सकाळीच बदलापूरहून ठाण्याला गेली होती. पण फोनवरचा नंबर अनोळखी होता. अनोळखी नंबरावरून आपल्या माणसाचा आवाज आला तर आधी त्या आवाजावरच संशय घ्यायचा, हे त्यांना खुद्द मनालीनं शिकवलं होतं.

"आवाज तिचाच हाय, तेच तर म्हणते मी. शेजारच्या वेणूबाईला पण तिच्या शौनकच्याच आवाजात फोन आलेला, आई मला वाचव म्हणून. शौनक तेव्हा पलीकडच्या खोलीत घोरत होता… हसू नको. हसतेस पण तिच्यासारखीच. तयारी चांगलीय तुमची."

"हा नंबर कुणाचा?… सोनिया कोण?… उल्हासनगर, कॅम्प पाच. बरं. मग तुझा कुठंय?… बंद पडला. पडणारच. तुम्हा लोकांचा पहिला फोनच बंद पडतो… आई-आई करू नको. शब्द सांग."

घराचा एक गुप्त शब्द असावा आणि तो दर महिन्याला बदलावा, ही मनालीची योजना. महिन्याची एक तारीख त्या घरात कुणाच्या लक्षात राहत नसे, अमावास्या मात्र कुणी विसरत नसे. तेव्हा शब्द अवसेला बदलायचा, ही कमळाबाईंची दुरुस्ती. आज सर्वपित्री अमावास्या होती.

"काय?… चूक… चूक म्हणजे चूक गो! हा नवा शब्द झाला. नवा चालू होणार अवस सुटल्यावर. कॅलेंडर माझ्या नाकासमोर हाय, पाच वाजून बारा मिनिटांनी सुटते… आता जुना सांगतेस? दोन्ही येतात तुला? म्हणजे एक नाय लागला की दुसरा! माझी पोरगी असा दगड मारून बघत नाय."

"बरं, काम काय ते बोल. घाईचंच असेल… बघ! चारच्या आत! मनालीनं भिंतीवर चिकटवून ठेवलंय, जो घाई करील तो आपला नव्हे."

"हो… हो… सायबर सुरक्षेचा कोर्स, पुण्याला, मुलींची पहिली बॅच, हॉस्टेल. हे सगळं पत्रात हाय. पत्र कुणीही वाचलं असेल… चारपर्यंत घरचा होकार नाय आला तर जागा पुढच्या मुलीला? पुढची कोण?… सोनिया? जिचा फोन हाय ती?… आणि तिनंच तुला फोन दिला, तुझी जागा तिला मिळू नये म्हणून? हे बाई मला अजिबात पटत नाय."

"बाबा? बाबा गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघतायत. समोर टॉवर झाल्यापासून कावळापण उशिरा येतो… सहीचं? म्हणतात, अवस सुटू दे… हो, त्याच्याआधी पितृपक्ष. त्याच्याआधी गणपती. मला काय विचारतेस, कॅलेंडर मी छापते?… माझी सही चालते, माहितीय. आई किंवा वडील, असं लिहिलंय. पाचदा वाचलंय मी ते."

इथं कमळाबाईंनी जिन्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला.

"ऐक. तू चोर हायस म्हणून सांगते. मनालीला मी मेले तरी सांगितलं नसतं. मला पण असं एक पत्र आलेलं. दहावीनंतर, अंबरनाथच्या आयटीआयचं. वायरमनच्या वर्गाला… हो, मी. घरातला फ्यूज कोण बसवतं, तुझे बाबा?… म्हणजे, तिचे बाबा. पाकिटावर माझं नाव टाइप केलेलं. आमचे बापूस बोलले, सवडीनं वाचतो, आणि भाताच्या कणगीत ठेवून दिलं. कणगी रिकामी झाली तेव्हा मला सापडलं. भात पण संपलेला, तारीख पण… राग कसला? आज त्यांच्या नावाचाही घास काढलाय. वडा मात्र एकच ठेवला."

"हॅलो?… हॅलो? रडतेस? रडून मी फसायची नाय. आपल्या चाळीतल्या कीर्तीच्या सासऱ्यांना ज्या चोरानं फोन केलेला, तो तर हुंदके देत होता. वर त्यांनीच त्याला पाणी पी म्हणून सांगितलं."

"नाय. सही करून पत्राचा फोटो नाय पाठवणार. या नंबरवर तर मुळीच नाय… अगं ऐक ना! नियम काय? समोरच्याचा फोन ठेवायचा आणि आपल्याजवळ जो नंबर हाय, त्यावर आपण करायचा. पत्रावर हाय ना ऑफिसचा… किती वाजले? पावणेचार? मग बोलत काय बसलीस, ठेव!… नाय, तू आधी ठेव… काय? लव्ह यू? मनाली असलं काय बोलत नाय. आता तर खात्रीच झाली."

कमळाबाईंनी फोन बंद केला. फ्रिजवरचं चुंबक सरकवून पत्र काढलं आणि महिनाभर रिकाम्या राहिलेल्या ओळीवर स्वतःचं पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं. गच्चीवर मनालीचे बाबा, हरिचंद्र, अजून कावळ्याला बोलावत होते. अवस सुटायला चांगला सव्वा तास होता. मग पत्रावरचा नंबर त्यांनी बोट ठेवून ठेवून दाबला, दोनदा पडताळला आणि फोन कानाला लावला.

"हॅलो?… हो, पुण्याच्या कोर्साचं. आई बोलते, होकार द्यायचाय. माझा… मुलीचं नाव? ते सांगते. आधी तुम्ही कोण ते सांगा… मॅडम? कशावरून?"