चिमणीएवढा पोपट

चंद्राबाई : अगं, त्या बाजारातल्या पोपटानं दोन-चार दिवसांत धरला असता जीव! बाजारात बसवलेलं पाखरू कुठलं ताठ मानेनं बसतंय?

जना : त्याची पिसं कापली होती, आत्या. कात्रीनं. अन् टोपलीच्या तळाशी दुसरा एक मरून पडला होता. विकणाऱ्यानं बघितलं पण नव्हतं.

चंद्राबाई : रानातनं ओरबाडून आणतात, मरायचेच ते. म्हणून तर कर्जतच्या बाजारातनं रिकाम्या हातानं आलो अन् आज एवढी तंगडतोड करतोय. हा कुंभिवलीचा भिवाजी तसला नाय म्हणं. ह्याच्याकडं घरात जन्मलेली पाखरं असतात. खंडाळ्याला कोणा शेठच्या बंगल्यावर पाखरं राखायलाच होता. शेठनं बंगला विकला, पाखरं ह्याला देऊन टाकली.

जना : पण मला पोपट कशाला, आत्या? मी मागितला का?

चंद्राबाई : मागायला तू कवा तोंड उघडतेस? मी शेतावर गेले की घरात तू अन् चार भिंती. माझा हिरू गेला तवापासनं तुला हसताना बघितली नाय. पाखरू असलं की जीव रमतो माणसाचा.

जना : शिमग्यापासनं तुमी अशाच करताय. आधी चपला आणल्यात. मग माझ्या वाटचं दळण पहाटे उठून तुमीच दळायला लागलात. आता पोपट.

चंद्राबाई : सुनेला काय दिलं तर वाईट झालं का गं?

जना : वाईट नाय. मला समजत नाय, एवढंच.

चंद्राबाई : नसंल समजत तर पाय उचल. ऊन चढतंय. चांगला बोलणारा बघू आपण. दारात माणूस आला की ‘जना गं, जना’ अशी हाक मारंल!

जना : बोलणारा नको. घ्यायचाच असंल तर लहानसा बघा. गप बसणारा.

चंद्राबाई : मुका पोपट? त्यापेक्षा लाकडाचा आणते की!

जना : बोलणारा घरात जे ऐकतो तेच बोलतो ना? आपल्या घरात काय ऐकंल तो? तुमी तोंडात पदर कोंबून रडता. तुमाला वाटतं मला झोप लागली. मी रडते तवा तुमी कूस बदलता. तेच शिकला तर काय करायचं?

चंद्राबाई : ते बघ, आलं घर. ती मडकी टांगलीत ना ओळीनं, तेच.

०

भिवाजी : हळू, आक्का, हळू. जाळीला एकदम तोंड लावू नका, बिचकतात. पोरी, तू ये, पण बाजूनं ये. हां, अशी.

जना : हे पोपट? एवढेसे? चिमणीएवढे तर हायत!

भिवाजी : दर्यापलीकडचे. शेठ ह्यांना बजी म्हणायचा, मला ते जमलं नाय, मी पाखरूच म्हणतो. ह्या मडक्यांत अंडी घालतात. पिल्लू दाणा फोडायला शिकल्याबिगर मी मडक्यातनं काढत नाय.

चंद्राबाई : आमाला गप बसणारं पायजे, भाऊ. कलकलाट नको.

भिवाजी : कलकल हे करतातच थोडी. पण रानातल्या पोपटासारखं किंचाळणं नाय. आपण कसं कुजबुजतो, तसं.

जना : तो द्या ना मग. तो निळा, कोपऱ्यात एकटाच बसलाय. किती शांत हाय.

भिवाजी : तो शांत नाय, बाळ. आजारी हाय. पिसं फुगवून बसलंय, डोळे मिटतंय बघ. कोणी बाजारात तुला तेच पुढं करंल, गरीब पाखरू हाय म्हणून. ते मी देत नाय. तो हिरवा बघ, काठीच्या टोकाचा. दाणे खातोय, पण एक डोळा आपल्याकडं हाय. पळत नाय, ओरडत नाय. असा घ्यावा.

जना : माझ्याकडंच बघतोय.

चंद्राबाई : द्या मग तोच. झालं.

भिवाजी : झालं कसं? मला विचारायचंय अजून. पिंजरा टांगणार कुठं?

चंद्राबाई : चुलीपाशी. ऊब राहील.

भिवाजी : मग नाय देत. धुरानं दोन दिवसांत मरंल.

जना : ओटीवर टांगीन मी. वळचणीला.

भिवाजी : मांजर हाय?

जना : शेजारी हाय. पण ओटीवर मीच असते बसलेली.

भिवाजी : हां. मग बरं. जा, त्या पलीकडच्या मडक्यात कालची पिल्लं हायत, हात न लावता बघून ये. आक्का, ही लेक तुमची?

चंद्राबाई : सून.

भिवाजी : विचारतो त्याला कारण हाय. चौक गावच्या एका पोरीला पाखरू दिलं होतं. वर्षात तिचं लग्न झालं, ती गेली सासरी. घरच्यांनी दाणापाणी घातलं, पण कोण त्याच्यापाशी बसलं नाय. झुरून मेलं. तवापासनं मी विचारूनच देतो, माणूस घरात टिकायचं हाय का जायचं हाय.

चंद्राबाई : ही कुठं जायची? माझा हिरू मुंबईला गोदीत होता. गोदीत तो मोठा स्फोट झाला ना, त्यात गेला. हाड पण हाताला लागलं नाय. दोन वर्षं झाली. आता मला ही अन् हिला मी.

भिवाजी : अरे देवा. पोर तर विशीची दिसत नाय. आक्का, राग धरू नका. तुमच्यात पाट लागतो ना, दुसरं लगीन?

चंद्राबाई : हळू बोला. लागतो. पण तिलाच नको हाय. मागणी आली होती की शिमग्याला. तिनं आपल्या तोंडानं नाय म्हणून सांगितलं.

जना : कोणाची मागणी, आत्या?

चंद्राबाई : अगं, तू पिल्लं बघत होतीस ना...

जना : कोणाची?

भिवाजी : मी जरा विहिरीवरनं पाणी घेऊन येतो. ऊन फार हाय.

जना : आत्या, मी कवा नाय म्हटलं?

चंद्राबाई : ज्यानं विचारलं त्याला तेच सांगितलं गं, तुझ्या माघारी. तोंडात बसलं. आता पण तेच आलं.

जना : कोण आलं होतं?

चंद्राबाई : वाल्मिक. कळंबचा.

जना : ह्यांच्या संगतीला गोदीत होते ते? ह्यांची ट्रंक घेऊन आले होते ते?

चंद्राबाई : तोच. तो अन् त्याचा चुलता. तू मागल्या दारानं नदीवर गेली होतीस, धुणं घेऊन. ते पुढं ओटीवर बसले. चुलत्यानं गोष्ट काढली. वाल्मिक म्हणाला, आधी पोरीचं मन विचारा. मी उठून आत गेले. कणगीपाशी उभी राहिले. जरा वेळ उभी राहिले अन् बाहेर येऊन सांगितलं, विचारलं तिला, ती नाय म्हणते.

जना : मी घरात नसताना?

चंद्राबाई : नसताना.

जना : मी धुणं घेऊन आले तवा ओटीवर दोन तांबे उष्टे होते. मी विचारलं पण तुमाला. तुमी म्हणालात, वाटसरू आले होते.

चंद्राबाई : म्हणाले.

जना : दर अमावास्येला सुटी असली की ते यायचे. उंबऱ्याच्या बाहेर बसून पाणी प्यायचे अन् ह्यांच्या गोष्टी सांगायचे. गोदीत हे कसे हसवायचे सगळ्यांना, मुकादमाची नक्कल कशी करायचे. मला तेवढंच होतं, आत्या. मग येईनासे झाले. मला वाटलं, माझंच काय चुकलं. मी काय उणंअधिक बोलले असंन. रोज भांडी घासताना तेच आठवत बसायचे, काय बोलले मी, काय बोलले.

चंद्राबाई : तू कायच बोलली नव्हतीस गं बाय.

जना : ते तुमाला ठाव होतं. मला नव्हतं.

चंद्राबाई : हिरूला माती पण देता आली नाय मला. तू त्या घरात वावरतेस तर वाटतं, तो गेलाय कामाला, येईल. तू पण गेलीस तर मी तिथं कोणासंगं राहू? त्या घडीला एवढंच सुचलं. मग ते दोघं उठून गेले, तो वाल्मिक वळणावर एकदा थांबला, मागं बघितलं त्यानं. हाक मारावी असं आलं मनात. नाय मारली. तवापासनं तुझ्याकडं बघवत नाय मला. तू ताटात भाकर वाढतेस, ती उतरत नाय. म्हणून चपला आणल्या. म्हणून दळते. म्हणून हे पाखरू.

जना : मी हो म्हटलं असतं का, मला पण ठाव नाय.

चंद्राबाई : मग...

जना : पण नाय म्हणायचं असतं तर ते मी म्हटलं असतं. माझ्यापाशी दुसरं होतंच काय? तेवढं नाय म्हणणं होतं. ते पण तुमी वापरून टाकलंत.

चंद्राबाई : मार मला, जना. पायातली घे अन् मार.

जना : तुमीच आणलेली चप्पल. उठा. पाया पडू नका, उठा! उद्या कळंबला जायचं.

चंद्राबाई : कळंबला? कशाला?

जना : तुमी त्यांच्या ओटीवर चढायचं अन् सांगायचं, तिला विचारलंच नव्हतं.

चंद्राबाई : त्याच्या चुलत्यासमोर? अख्खी आळी गोळा होईल. मी काय तोंड दाखवू?

जना : हाय तेच.

चंद्राबाई : अन् त्यानं तुला विचारलं तर? तू काय सांगशील?

जना : ते मी त्यांना सांगीन. तुमी मधी बोलायचं नाय.

भिवाजी : पाणी घ्या, आक्का. पोरी, तू पण घे. मग, तो हिरवा बांधून देऊ?

जना : आज नको, काका. कोणाच्या घरात नांदायचं ते माझंच ठरलं नाय अजून. उगीच झुरंल.

०

(दिवाळी उलटून गेली आहे. भिवाजीचं अंगण. चंद्राबाई एकटीच आली आहे.)

भिवाजी : तुमी होय! मला वाटलं, आता कशाच्या येताय. पोर कुठं हाय?

चंद्राबाई : कळंबला नांदते. आषाढाच्या आधी पाट लागला.

भिवाजी : मग सांगितलंत तुमी. त्या दिवशी विहिरीपर्यंत ऐकू आलं होतं मला.

चंद्राबाई : सांगितलं. ओटीवर नाय चढले, अंगणातच उभी राहून सांगितलं. बायका जमल्या, पोरं जमली. चुलता म्हणाला, म्हातारे, देवाच्या दारात काय सांगशील? वाल्मिक उठला. आत गेला अन् माझ्यासाठी घोंगडी आणून अंथरली. बसा म्हणाला. भाऊ, चुलत्याचं बोलणं मी कवाच विसरले. ती घोंगडी विसरत नाय.

भिवाजी : अन् पोर काय म्हणाली?

चंद्राबाई : ती म्हणाली, मला विचार करायला सवड द्या. घरी आली, सारवण काढलं, गोठा झाडला, सगळं रोजच्यासारखं. मी एक शब्द काढला नाय. देवापुढं बसायचे अन् मागायला गेले की तोंडाशी यायचं, तिला नाय म्हणू दे. मग आपलंच तोंड दाबून उठायचे. तुमाला सांगते, तवा पण मी तेच मागत होते.

भिवाजी : मन हाय ते. त्याला काय करणार?

चंद्राबाई : एक दिवस चुलीपाशी बसून म्हणाली, आत्या, त्यांना सांगा, हो. माझ्याच तोंडून निरोप धाडला तिनं. दुसऱ्या कोणाच्या नाय.

भिवाजी : बरी वागते ना आता तुमच्याशी?

चंद्राबाई : बरी वागते, तेच तर. दिवाळीला दोघं आली. पाया पडली. कळंबला येऊन राहा म्हणाली. भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी पण हलकी झाले असते. ती हसते. तिकडं ती हसते, भाऊ. लांबनं ऐकू येतं अंगणात.

भिवाजी : मग जा की राहायला.

चंद्राबाई : कोणत्या तोंडानं जाऊ? शेत अर्धेलीनं दिलं. मी आता घरातच असते. पाखरू माझ्यासाठी पायजे. द्याल का मला? का मी पण तुमच्या नाय-देतवाल्यांत?

भिवाजी : पिंजरा कुठं टांगणार?

चंद्राबाई : ओटीवर. मांजर आलं तर मी हाय. मी कुठं जायची नाय, हे मात्र खरं सांगते.

भिवाजी : तो हिरवा आता जोडी करून बसला, त्याला नाय सोडवायचा. ही बघा, ह्या पावसात जन्मलेली मादी. लहान हाय, गरीब हाय. पहिले काही दिवस हात आत घालायचा नाय. नुसतं जवळ बसायचं. खायला राळ्याचे दाणे घालायचे, पाणी रोज बदलायचं. बोलायला लागली पायजे असा हट्ट धरायचा नाय.

चंद्राबाई : नाय धरत.

भिवाजी : अन् पिंजरा झाकून न्या. पुणे रस्त्याला मोटारी लई वाढल्यात, भोंग्याला भ्यायची. झाकायला काय आणलंय?

चंद्राबाई : हे घ्या.

भिवाजी : हे? आक्का, हे कोरं लुगडं हाय! घडी पण मोडली नाय. रेशनला कापड मिळंना, लोक ठिगळं लावून फिरतायत अन् हे तुमी पिंजऱ्यावर टाकताय?

चंद्राबाई : जनानं दिलंय, दिवाळीचं.

भिवाजी : मग नेसा की. हिच्यावर टाकलंत तर घाण करंल ही.

चंद्राबाई : दोनदा काढलं नेसायला. नेसवत नाय माझ्यानं. घाला तुमी तिच्यावर.