चौकोनाहून लहान भोवरा

कामरगावच्या कीर्तनाला निघालो होतो. कारंज्याच्या स्टँडवर, मागच्या बाकावर एक म्हातारा आणि मुंबईहून आलेला त्याचा लेक बोलत होते.

"शेषराव, तुह्या कंप्युटरात नदी वाहते म्हन्तं. मंग रामकिसन कोठी अडकला ते पुस त्याले. आठ दिस झाले, तुह्या भावाचं मढं सापडलं नाही."

"बाबा, आमी नदीचे चौकोन पाडतो. एकेक वावराएवढा. त्याहून लहान भोवरे त्याले दिसत नाहीत."

"रामकिसन तं घागरीएवढ्या भोवऱ्यात गेला."

"हो."

"मंग असल्या भोवऱ्याइचं काय करता?"

"ते धारेचा जोर खातात. तेवढा जोर अंदाजानं कमी धरतो."

"न पाहता?"

"न पाहता."

"भटजीबी तेच म्हन्ते. मढं न पाहता दर्भाचा पुतळा करा अन् तो जाळा."

"किती उंच करायचा?"

"तुह्या खांद्याएवढा, रामकिसन होता तेवढा. ते अंदाजानं नोको धरू."