थंडीत तगलेली अकरा झाडे

नाव कस्तुराबाई गोरोबा ओव्हाळ, वय अंदाजे ३८ वर्षे, धर्म बौद्ध, धंदा शेतमजुरी, रा. ईट, ता. भूम, जि. उस्मानाबाद. आज दि. २८/२/१९७३ रोजी ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी सहा वर्षांपासून बियाणे सहकारी संस्थेच्या प्रयोगाच्या रानात कामाला आहे. कडक थंडीतही फूल न गाळणारा हरभरा तयार करण्याचे काम तेथे चालते. त्यासाठी संस्थेचे शेती अधिकारी बसप्पा साहेब यांनी डोंगराकडचे वाण आणले. गावरान हरभऱ्याच्या कळीतले केसर चिमट्याने काढून त्यावर त्या वाणाचे पराग लावणे, हे काम माझ्याकडे आहे.

दि. १८ जानेवारीस पहाटे फार थंडी पडली. सगळ्या ओळी करपल्या. फक्त अकरा झाडांची फुले टिकली व घाटे धरले. साहेब बराच वेळ तेथेच उभे होते.

दि. २६ फेब्रुवारीस सकाळी सात वाजता मी रानात गेले, तेव्हा अकराही झाडे उपटलेली होती. संस्थेचे चेअरमन आबाराव यांनी फिर्याद दिली. फाटकाची किल्ली माझ्याकडे असल्याने संशय माझ्यावर घेतला.

किल्ली मी कोणास दिली नाही. काट्याचे कुंपण एका जागी सारलेले होते. तेथून सांडलेला पाला बघत गेले, तो माझी जाऊ सरुबाई हिच्या दारापर्यंत होता. ती दुष्काळी कामावर खडी फोडते. तिच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती, हे मला माहीत होते. ती म्हणाली, "हरभरा म्हणून उपटला, आक्का. त्यात काय हाय ते मला कुठं ठावं?"

भाजायचे राहिलेले घाटे मी पदरात घेऊन ठाण्यात आणून दिले. तेवीस दाणे निघाले. सरुबाईचे नाव मीच सांगितले. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

दाणे ओलसर होते. ते पाकिटात घालून लाखेने बंद केले. सावलीत पसरा, अशी मी काल दोनदा विनंती केली. फौजदार साहेबांनी मुद्देमाल उघडता येत नाही असे सांगितले. अशा हरभऱ्यास लगेच बुरशी धरते. असे दाणे दुसरीकडे कोठेही नाहीत. मी म्हणाले, "गुन्हा माझ्यावर लावा साहेब, पण पाकीट उघडा."

वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. माझ्या विनंतीवरून फौजदार साहेबांनी अंगठा उठविण्यापूर्वी पंचांसमक्ष पाकीट उघडले. आठ दाण्यांस बुरशी होती. पंधरा दाणे कागदावर पसरले आहेत. ते वाळेपर्यंत मी येथेच बसणार आहे.