रुमाल पिझ्झा, गादी पिझ्झा, कढई पिझ्झा

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही शांत स्वभावाचे, तुम्हीच काय ते मिटवा!" आता शांत स्वभावाचा माणूस म्हणजे काय आग विझवायचं नळकांडं आहे का हो? भिंतीला टांगून ठेवलेलं, भडका उडाला की काढलं आणि फवारलं? तुम्हाला सांगतो, माझं चष्म्याचं दुकान. दिवसभर अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, "हे नीट दिसतंय की ते?" गिऱ्हाईक म्हणतं, "परत दाखवा." दाखवतो. "आधीचं दाखवा." तेही दाखवतो. चिडत नाही, वैतागत नाही. अशा माणसाला एका रविवारात घाम फुटला, आणि कशानं? पिझ्झ्यानं!

हसू नका. मुलीचं लग्न आहे माझ्या. एकुलती एक मुलगी! आणि हल्लीची मुलं, त्यांना कशाचीच हौस नाही. म्हणाली, "बाबा, कचेरीत जाऊन सह्या करू, संपलं." मी म्हटलं, "बाळा, सह्या कर, पण माणसांना जेवू तरी घाल!" माझं आयुष्यभराचं एवढंच एक स्वप्न हो. मुलीच्या लग्नात लोक बोटं चाटत जेवताहेत आणि मी या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय, "घ्या हो, अजून एक घ्या, लाजताय काय?" झालं, ती विरघळली. "बरं बाबा, जेवण करू. पण पिझ्झाच हं, आम्हा दोघांनाही तोच आवडतो." आम्ही सगळे म्हणालो, वा! पिझ्झा तर पिझ्झा! पाचच मिनिटं आनंदात गेली. मग कोणीतरी विचारलं, "कुठला?"

कुठला! अहो, माझं माहेर... म्हणजे पुरुषाला माहेर नसतं, पण समजून घ्या... मी बंदरावरचा. आमच्याकडे पिझ्झा म्हणजे पातळ. बायको वरच्या गावातली, गिरणीच्या बाजूची. त्यांच्याकडे पिझ्झा म्हणजे जाड, चौकोनी. आणि आमच्या विहीणबाई घाटमाथ्यावरच्या. त्यांच्याकडे पिझ्झा कढईत भाजतात, आणि सगळंच उलटं, चीज खाली आणि सॉस वर! म्हणजे गाव तीन, पिझ्झे तीन, आणि अभिमान विचाराल तर तिघांचा मिळून एका खोलीत मावत नाही. पंचवीसेक वर्षं झाली संसाराला, मी बायकोच्या पिझ्झ्याला "गादी" म्हणतो, ती माझ्या पिझ्झ्याला "रुमाल" म्हणते. एकमेकांच्या दुकानाची पायरी आम्ही चढलेलो नाही. एवढं सांभाळून संसार केलाय! त्यात विहीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "लग्नाला आमच्याकडची कढईच हवी." कढई! दाताच्या डॉक्टर आहेत त्या. त्यांच्या पिझ्झ्याची कड इतकी कडक की मी म्हटलं, बरोबर आहे, धंदा आपोआप वाढतो. मनात म्हटलं हो! तोंडानं म्हणायची काय टाप आहे!

आठवडाभर तिघांची अशी जुंपली, अशी जुंपली, की शेवटी मुलगी उठली. "रविवारी रात्रीपर्यंत तिघांनी मिळून एक नाव सांगा. नाहीतर जेवण रद्द! सह्या करणार आणि निघून जाणार." आणि ती बोलते ते करते, आईवर गेलीये. म्हटलं, गेलं आपलं स्वप्न! मग मीच तोडगा काढला. म्हटलं, रविवारी तिघांनी तिन्हीकडे जाऊ, खाऊ, नीट पारखू आणि ठरवू. मनात काय होतं सांगू? मनात होतं, एकदा त्या दोघींनी माझा रुमाल खाल्ला की गुमान शरण येतील!

पहिल्यांदा अर्थातच बंदरावर. तिथले आमचे घाईवाले काका! दुकान म्हणजे काय, एक भट्टी आणि तिच्यापुढे उभं राहण्यापुरती जागा. खुर्ची नाही, काटा नाही, सुरी नाही. काका पिठाचा गोळा घेतात, हातावर असा नाचवतात, असा नाचवतात, की पलीकडचा दिवा दिसावा! वर सॉस, चीजचे चार ठिपके, बेसिलची दोन पानं, आणि भट्टीत. तुम्ही खिशातून रुमाल काढून नाक पुसेपर्यंत पिझ्झा बाहेर! कड फुगलेली, जागोजाग काळे फोड, मध्ये थरथरतोय. आणि काका ओरडतात, "खा! खा! बघताय काय, फोटो काढायला आलाय का? गार होतोय, खा!" विहीणबाईंचा स्वभाव टापटिपीचा. त्या म्हणाल्या, "जरा बांधून द्याल का? गाडीत बसून खाईन." अरे देवा! मी डोळेच मिटले. काका भट्टीकडून वळले, "बांधून? डब्यात घातलं की पिझ्झ्याला घाम फुटतो बाई! घामट पिझ्झा खाणार? माझ्या नावानं?" त्यांनी पिझ्झ्याची चौघडी केली आणि थेट बाईंच्या हातात दिली. दाताची डॉक्टर हो! आयुष्यभर लोकांना "आ करा" म्हणणारी बाई, तिला काका म्हणताहेत, "आ करा!" आणि तिनं केला! कोपरापर्यंत सॉस ओघळला. मला वाटलं आता सोयरीक मोडते. बाई चावताहेत... चावताहेत... गिळलं. "फारच पातळ आहे," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अजून एक घेऊन बघते, म्हणजे नीट कळेल." मग तिसऱ्यांदाही नीट कळून घेतलं! बायकोनं एकच घास खाल्ला आणि समुद्राकडे बघत बसली. मी मात्र तीन खाऊन तरंगत होतो. काय तो पिझ्झा! नावं ठेवायला जागा नाही हो!

मग वरचं गाव. बायकोचं. आता मी आधीच सांगतो, मी तिथे नावं ठेवायलाच गेलो होतो. तयारी करून गेलो होतो! जाड आहे, तेलकट आहे, पोटात दगड होतो, सगळं तोंडपाठ. गिरणीच्या मागे बेकरी, आत एक मावशी, कात्रीवाली मावशी म्हणतात तिला. सुरी नाही वापरत. लोखंडाचा हा एवढा काळा ट्रे, त्यात आदल्या दिवशीपासून फुगत ठेवलेलं पीठ, आणि मावशी शिंप्यासारखी मोठी कात्री घेऊन कराकरा कापते. शिवाय तिथला एक कायदा आहे. ट्रेला कोपरे चारच, आणि कोपऱ्यात चीज ट्रेच्या कडेला लागून करपतं, तपकिरी होतं, जाळी धरतं. म्हणून कोपरा मागायचा नसतो. मावशीच्या मनात आलं तर मिळतो! लोक आशेनं बघत उभे राहतात. एक गृहस्थ होते, हातात टोपी धरून, लाचार चेहरा करून. मावशी म्हणाली, "गेल्या आठवड्यात शेजाऱ्याशी भांडलात ना? मधला घ्या." तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या बायकोकडे गेलं. बायको शाळेत खेळाची शिक्षिका, शिट्टी गळ्यात असते कायम, त्यावरून लांबूनच ओळखली. "आलीस गं! आणि हे कोण? हेच का ते, रुमालवाले?" अख्खी रांग माझ्याकडे वळून बघायला लागली! म्हणजे बायकोनं माहेरी सांगून ठेवलंय बघा! मी म्हटलं, आता भिरकावते ही कात्री. तर मावशी म्हणाली, "गावचे जावई पहिल्यांदा दारात आलेत," आणि कचकन कोपरा कापून माझ्या हातात ठेवला. टोपीवाल्या गृहस्थांनी असा सुस्कारा टाकला!

खाल्ला. काय सांगू तुम्हाला... खाली कुर्रकुरीत, मध्ये ढग, आणि ती जाळी! दातात कडकड वाजते आणि जिभेवर विरघळते. मला एकदम राग आला. कोणाचा? माझाच! पंचवीसेक वर्षं, बायकोनं दरवेळी "एकदा चला हो" म्हटलं, आणि मी दरवेळी गाडीत बसून राहिलो, पेपर वाचत! काचेच्या पलीकडे हे चाललं होतं! बायको माझ्या तोंडाकडे बघतेय, श्वास रोखून. "कसा आहे?" मी म्हणालो, "बरा आहे." बरा! काय नालायक माणूस आहे बघा मी! पण ज्या कागदावर कोपरा दिला होता तो कागद मी बोटानं पुसून पुसून चाटत होतो, ते तिनं पाहिलं की नाही, अजून कळलेलं नाही. मी तिच्या गादीला नावं ठेवायला गेलो आणि... नावं ठेवायला जागा नाही हो!

मग घाट. विहीणबाई गाडी चालवत होत्या, आणि प्रत्येक वळणावर सांगत होत्या, "भूक लागू दे, भूक लागल्याशिवाय कढई कळत नाही." अहो, पोटात तीन रुमाल आणि एक गादी असताना भूक कुठून आणू? माथ्यावर एक घर, दगडी, चार टेबलं. मालक एक आजोबा, नाव गप्पबसे. खरं नाव कोणाला ठाऊक नाही, कारण ते सांगतच नाहीत! येतात, तुमच्याकडे बघतात, जातात. तुम्ही काय मागितलं? काही नाही. मागायचंच नाही. बसायचं. एक तास! आता आमच्या बायकोला एका जागी बसायची सवय नाही. तिनं दोनदा अंगणाला फेऱ्या मारल्या, टेबलाला पाय लावून ताण दिले, आत डोकावून विचारलं, "आजोबा, किती वेळ?" आजोबांनी बोट वर केलं. म्हणजे एक मिनिट? एक तास? एक जन्म? काही कळायला मार्ग नाही! आणि मग आली ती कढई. बोटभर उंच भिंती, बिस्किटासारख्या, आत चीजचा डोह, आणि वर नुसता टोमॅटोचा सॉस, जाडाभरडा, मंद शिजवलेला, लालभडक. आजोबांनी ती ठेवली आणि आम्ही हात पुढे केला तर हात बाजूला सारला! अजून थांबायचं! निवू द्यायची! पुढ्यात ठेवून थांबायचं! समोर ती वाफ सोडतेय आणि आम्ही तिघं हाताची घडी घालून, शिक्षा झाल्यासारखे.

मग आजोबांनी मान हलवली. बायकोनं पहिला घास घेतला आणि... गप्प. माझी बायको! जिची हाक मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, ती गप्प! मी घाबरलो, म्हटलं, "अगं, भाजलं का?" तिनं मला हातानंच थांबवलं. सगळी कढई संपेपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "सॉस जरा जास्त आहे," आणि माझ्या ताटातली कड उचलून तो उरलेला सॉस टिपून खाल्ला. आणि मी? मी पोट टम्म असूनही दोन तुकडे खाल्ले. काय बिशाद आहे कोणाची! नावं ठेवायला जागा नाही हो!

संध्याकाळी घरी. मुलगी आणि होणारे जावई समोर बसलेत, परीक्षक! जावई लिफ्ट दुरुस्त करतात, माणूस अबोल, पण नजर सगळीकडे. मुलगी म्हणाली, "हं, सांगा." आता मला माहीत होतं हो, बायको गादी म्हणणार, विहीणबाई कढई म्हणणार. मी रुमाल म्हटलं की झालं, तीन तोंडं तीन दिशांना, जेवण रद्द. आणि खरं सांगू? माझ्या जिभेवर अजून तो कोपरा होता. बायकोची ती "एकदा चला हो" कानात होती. म्हटलं, मोड रे अभिमान! मुलीचं लग्न आहे, आपण बायकोच्या बाजूनं गेलो की दोन मतं, तिसरं येईल मागोमाग, मिटलं! बायकोनं ठरवलं, शिट्टी वाजली की तिघांनी एकदम सांगायचं. कोणी कोणाचं ऐकून बदलायचं नाही. शिट्टी वाजली. मी ओरडलो, "गादी!" बायको ओरडली, "कढई!" आणि विहीणबाई, त्या टापटिपीच्या विहीणबाई, खुर्चीतून उठून ओरडल्या, "रुमाल!"

मग बायको माझ्याकडे वळली. "अहो... तुम्ही गादी म्हणालात?" डोळ्यांत पाणी! मी म्हटलं, "मग काय तर." ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही रुमाल सोडणार नाही, म्हणून मी विहीणबाईंच्या बाजूनं गेले... म्हणजे आवडलाही तसाच हो!" विहीणबाई म्हणाल्या, "आणि मी व्याह्यांच्या!" सगळे सगळ्यांवर खूश! गळ्यात गळे! आणि मुलीनं कपाळाला हात लावला, "अहो पण परत तीनच झाले ना!"

मग म्हणे, तिघांनाही बोलवा. तेही केलं. घाईवाले काका म्हणाले, "भट्टी काय पाठीला बांधून आणू?" मावशी म्हणाली, "माझा ट्रे दुसऱ्याच्या चुलीवर रुसतो." गप्पबसे आजोबांना विहीणबाईंनी फोन केला. त्यांनी उचलला, ऐकला आणि ठेवला. तेव्हा जावई पहिल्यांदा बोलले, "पिझ्झा येत नाही तर माणसं नेऊ. मोठी गाडी ठरवू, तिन्हीकडे थोडं थोडं जेवू." वा! मुलगी हसली! जेवण ठरलं! माझं स्वप्न, तेही तीन तीन टेबलांवर... म्हणजे एके ठिकाणी टेबल नाही, पण असू दे!

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? अहो, गाडी आधी कुठे थांबवायची? पहिल्या ठिकाणी माणसं भुकेली असतात, तिथलाच पिझ्झा खरा लागणार, बाकीच्यांवर अन्याय! मी म्हटलं, आधी गादी. बायको म्हणते, "छे, आधी विहीणबाईंची कढई, मान त्यांचा." विहीणबाई म्हणतात, "शक्यच नाही, मुलीकडचे तुम्ही, आधी रुमाल!" मी म्हणतो, आधी गादी! चार दिवस झाले, कोणी तसूभर हलत नाही. मुलीनं पुन्हा रविवारची मुदत दिलीये. भांडत होतो तेव्हा बरं होतं हो, भांडणात निदान कोणीतरी दमतं. आता आग्रह सुरू झालाय... आणि आग्रहात आमच्यात हरणारं कोणीच नाही!